फेबी लुद्रिकची हरकत

गुरुप्रसाद मेथरने फेबीला पहिल्यांदा नीट पाहिले ते रापणीच्या वाट्यांवर. त्याआधी ती त्याला दिसली नव्हती असे नाही. पास्कल लुद्रिकचे घर त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि सुरूची बाग, एवढेच. पण पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा शेजारच्या वाडीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे कशाला लक्ष देतो? सुट्टीत आला की तो आईच्या हातचे बांगड्याचे तिखले खायचा, दुपारी झोपायचा आणि सकाळी हौसेने रापणीच्या दोराला हात लावायचा.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे अजस्र जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि त्याचे दोन्ही दोर चाळीस-पन्नास माणसांनी वाळूवरून ओढत आणायचे. मासळी वर आली की तिचे वाटे घालतात. त्या वाडीची रीत अशी, की वाटे घालून झाले तरी कोणी हात लावायचा नाही. रापणीचा प्रमुख भिकाजी तांडेल उभा राहून तीनदा मोठ्याने विचारणार, "कोणाक काय सांगूचा आसा?" तीनदा विचारून कोणी बोलले नाही, तर मग टोपल्या पुढे करायच्या.

सहसा कोणी बोलत नसे. लोक टोपल्या घेऊन वाकलेलेच असत. त्या दिवशीही, म्हणजे २०१८ च्या मे महिन्यात, भिकाजीने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले आणि मागून आवाज आला.

"माका सांगूचा आसा."

गुडघ्यापर्यंत ओली, हाताला दोराचे वळ, केस रुमालात बांधलेले. बायका मासळी घ्यायला किनाऱ्यावर येतात, दोर ओढायला येत नाहीत. पण पास्कलचा मुलगा बोटीवर नोकरीला लागला होता, पास्कलची कंबर गेलेली आणि घरचे माणूस दोराला लागल्याशिवाय घराचा वाटा नाही. म्हणून फेबी ओढत होती.

"रुक्मिणीकाकीचो वाटो खंय आसा?" तिने विचारले.

"तिच्या घरचो माणूस खंय दोराक इलो? आठ दिस झाले," भिकाजी म्हणाला.

"तेका ताप आसा. तापान पडलेल्याचो वाटो रवता, ह्या तूच सांगलंस, माझ्या भावाक कावीळ झाली तेवा."

"चेडवांनी वाट्यात तोंड घालूचा नसता गो," कोणीतरी बोलले.

"मगे तीनदा इचारतास कित्याक? इचारूच नकात. आमी गप टोपली भरतो आणि घराक जातो."

लोक हसले. भिकाजीचे तोंड कारल्यासारखे झाले, पण त्याने वाकून सगळे वाटे मोडले आणि एक वाटा वाढवून पुन्हा घातले. फेबीने आवाज चढवला नव्हता. जिंकल्यावर ती हसलीही नाही. तिने आपली टोपली उचलली, रुक्मिणीकाकीची उचलली आणि ती चालू लागली. गुरुप्रसादच्या मनात ते चित्र राहून गेले.

पुढच्या वर्षी त्याने आणि पुण्यातल्या त्याच्या मित्राने, सर्वेशने, एक ॲप सुरू केले. ओहोटीला मालवणी मुलखात सुकती म्हणतात. तेच त्याचे नाव ठेवले, 'सुकती'. कुठल्या बंदरात पाणी कधी चढणार, कधी उतरणार, कुठे पाण्याखाली खडप आहे जिथे जाळे फाटते, हे मच्छीमाराला फोनवर दिसावे एवढाच उद्देश. ते ओपन सोर्स होते. म्हणजे त्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा. कोणीही पाहावा, उतरवून घ्यावा, चूक दिसली तर दाखवावी, जमले तर दुरुस्त करून पाठवावी. सूचना आणि चर्चा यांचे एक पान होते, तेही सर्वांना खुले.

त्या पानावर सहा महिन्यांनी एक तक्रार आली. "आमच्या खाडीत तुमची सुकती चाळीस मिनिटे आधी येते. आमची येत नाही." खाली नाव: फेबी पास्कल लुद्रिक.

खरेच होते. उघड्या समुद्राचे वेळापत्रक खाडीच्या आत लागू पडत नाही, पाण्याला आत यायला आणि बाहेर जायला वेळ लागतो. पुण्यात बसलेल्यांच्या हे डोक्यात आले नव्हते. गुरुप्रसादने आभार मानले. तिने आभारांना उत्तर दिले नाही. दोन महिन्यांच्या भरती-सुकतीच्या वेळा स्वतः बघून लिहून पाठवल्या. मग कणकवलीला बी.एस्सी. करता करता, भावाने पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर, ती कोड लिहायला शिकली. किनाऱ्यापासून जरा आत गेले की फोनची रेंज जाते. रेंज नसतानाही ॲप चालावे हा भाग तिने लिहिला, एकटीने, दोन पावसाळे बसून. चार-पाच हजारांच्या जुन्या फोनवरही तो चालतो.

अशी ती 'सुकती'च्या चौघांपैकी एक झाली. बदल मंजूर करण्याचा अधिकार चौघांना होता: सर्वेश, गुरुप्रसाद, बेंगळुरूची तन्वी आणि फेबी. नियम असा, की चौघांपैकी एकानेही उघड हरकत घेतली, तर तिचे निरसन होईपर्यंत नवी आवृत्ती बाहेर पडायची नाही. हा नियम गुरुप्रसादनेच लिहिला होता. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर काय होते, हे त्याने पुण्यातल्यांना सांगितले नव्हते.

२०२३ च्या नोव्हेंबरात गुरुप्रसाद घरून काम करत होता, वाडीतच. एका मंगळवारी सकाळी आठ वाजता सर्वेशने व्हिडिओ कॉल ठेवला.

विषय नवा नव्हता. लाटांचा अंदाज देणारी एक संस्था 'सुकती'ला आपली माहिती द्यायला तयार होती. बदल्यात तिला हवे होते एवढेच, की ॲप कुठे कुठे उघडले जाते त्या जागांची नोंद तिच्याकडे जावी. नावे नकोत, नुसत्या जागा. सर्वेशने ती सोय करून ठेवली होती. ती आपोआप चालू राहणार. ज्याला नको असेल त्याने सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर जाऊन बंद करावी.

"फेबी?" तन्वीने विचारले.

"फेबीला विचारलं तर पंधरा दिवस गेले समज," सर्वेश म्हणाला. "प्रत्येक गोष्टीवर तिचे चार प्रश्न."

"पण ती आठ वाजता दोरावर असते ना?"

"म्हणूनच तर आठ वाजता."

सगळे हसले. गुरुप्रसादही हसला. खिडकीतून त्याला दूरवर रापणीचा दोर ओढणारी माणसे मुंग्यांएवढी दिसत होती. बारा मिनिटांत कॉल संपला. बदलांच्या यादीत सर्वेशने लिहिले, "किरकोळ दुरुस्त्या."

पण फेबी यादी वाचून थांबणाऱ्यांतली नव्हती. ती कोडच वाचायची, ओळ न् ओळ, शाळेतली मुले धडा वाचतात तशी बोट ठेवून. बुधवारी संध्याकाळी खुल्या पानावर तिची नोंद आली. तिने हरकत घेतली होती आणि खाली चार प्रश्न होते. हे कुठे ठरले? तिथे कोण होते? का ठरले? कोणी नको म्हटले का?

सर्वेशने तिला खाजगी निरोप पाठवला, "फोन कर, बोलू."

तिने उत्तर खुल्या पानावरच दिले. "फोनवर नको. इथे लिहा."

शुक्रवारपर्यंत तेच चालले. तो खाजगीत बोलवायचा, ती उघड्यावर उत्तर द्यायची. शेवटी सर्वेशने गुरुप्रसादला फोन केला. आवाज थकलेला होता. "मी वाईट माणूस नाही रे. हे लाटांचं काम दीड वर्ष अडलंय. तू जा तिच्याकडे, समजाव. तिनं पुढच्या शनिवारपर्यंत हरकत मागे घेतली नाही, तर तिचा मंजुरीचा अधिकार काढावा लागेल. मग हरकतच राहत नाही."

गुरुप्रसाद त्याच संध्याकाळी व्हाळ ओलांडून गेला. फेबी मागच्या पडवीत फाटलेले जाळे तुणत बसली होती. तिची आई तेरेझा चुलीशी होती.

"येवा, पुण्याचे वकील इले," फेबीने मान वर न करता म्हटले.

"मी वकील नाय गो."

"मगे काय, पोस्टमन?"

"फेबी, तुका अधिकार होयो काय नको, ता सांग. सर्वेश काढतलो. पुढल्या शनिवारची मुदत आसा. चार वर्षांचा काम तुझा."

"काम रवतला. ता कोण काढूक शकणा नाय." तिने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "गुरुदादा, एक सांग. माझ्या पप्पांका मासो खंय गावता, ता तुका म्हायत आसा?"

"नाय."

"भिकाजीकाकाक?"

"तेका पण नाय. जागा कोण सांगता?"

"झाला तर. जागा ही आमची गुपित गोष्ट. आजोबान पप्पांका सांगली, पप्पांनी माका. तुमी ती आमका न इचारता उचलून देतास. आणि निर्णय, जो सगळ्यांचो, तो तुमी गुपित ठेवतास. उलटा नाय काय ह्या?"

"कारण चांगला आसा," गुरुप्रसाद म्हणाला. "लाटांचो अंदाज मेळतलो."

"चांगला आसा तर लिवक लाज कसली?"

तेरेझाने चहाचा कप त्याच्या हातात दिला. "गे बाय, जरा नमता घे," ती मुलीला म्हणाली. "तुझ्या हट्टान नाव जाताला."

"जावंदे." फेबीने पहिल्यांदा गुरुप्रसादकडे सरळ पाहिले. "तू होतंस तेवा? ठरला तेवा?"

तो चहा प्यायला. चहा फार गरम होता, तरी प्यायला. "होतंय," तो म्हणाला.

"बरा," ती म्हणाली, आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. त्या एका शब्दाने तो जेवढा ओशाळला, तेवढा शिव्या खाऊन ओशाळला नसता.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, रापण ओढून झाली, वाटे उचलून झाले आणि फेबीने भिकाजीला म्हटले, "काका, माणसांका जरा थांबवा. माका इचारूचा आसा."

भिकाजी आता तिला घाबरून होता, की तिच्यावर माया करत होता, हे सांगणे कठीण, बहुधा दोन्ही. त्याने हाक दिली. लोक वाळूवर बसले. गुरुप्रसाद दोराच्या टोकाशी उभा राहिला. फेबीने फोन हातात घेऊन सगळे समजावले: नवी आवृत्ती आली की ॲप उघडताच जागा कुठे जाईल, ती कशी बंद करायची, ते बटण कुठे लपले आहे.

"म्हणजे पुण्यातल्यांका आमच्या जाग्यांचो वास लागलो," भिकाजी म्हणाला.

"पुण्यात मासो खंय आसा रे?" एक म्हातारा ओरडला. "थंय ते पापलेट म्हणान काय पण खातत!"

हशा पिकला. मग भिकाजीने रीतीप्रमाणे तीनदा विचारले, ही सोय ठेवायची की काढायची. तिसऱ्यांदा विचारून होईपर्यंत सगळे एकसुरात म्हणाले, "काढा!" त्रेचाळीस माणसे होती. एकाचाही विरोध नव्हता.

दुपारी फेबीने आपल्या अधिकारात ती सोय काढून टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिले, "रापणीवर सर्वांसमोर ठरले."

तिला त्यात काहीच वावगे वाटले नाही आणि गुरुप्रसादलाही वाटले नाही. त्या वाळूवर वाढलेल्या माणसाला वाटतच नाही. वाळूवर, दिवसाउजेडी, तीनदा विचारून झालेली गोष्ट. याहून उघड ती आणखी काय असते?

सोमवारी खुल्या पानावर एक नोंद आली. आरोंद्याहून, ॲरोन नावाच्या होडीवाल्याची. गोव्याच्या हद्दीजवळच्या खाडीकाठचे ते गाव. 'सुकती' वापरणारे तिथे पन्नासभर. त्याने लिहिले होते:

"खंयची रापण? कोण सगळे? आमका कोणी इचारला? गेल्या म्हयन्यात खाडीच्या तोंडार आमची होडी उलटली. माझो मेव्हणो पाण्यात दोन तास होतो. लाटांचो अंदाज द्या म्हणान मीच मागलेलो, ह्याच पानार, ऑगस्टात. सर्वेशभाऊंनी फोनार सांगला, येता आसा म्हणान. माझी जागा घेवंदेत कोण होयो तो. माझो माणूस घराक येवंदे. पुण्याचे दोन-चार जण गुपचूप ठरवतत आणि तुमी त्रेचाळीस जण आपल्या वाळयेर ठरवतास. आमका दोन्ही सारखेच."

गुरुप्रसादने ती नोंद वाचली आणि लगेच लुद्रिकांकडे गेला. त्याच्या मनात काय होते, ते त्याने पुढे स्वतःच कबूल केले: आता फेबी नमेल आणि प्रकरण मिटेल, असे त्याला वाटले होते. थोडे बरेही वाटले होते.

फेबी पडवीच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. कानापर्यंत लाल झालेली. पास्कल खाटेवर पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होता.

"वाचलंस?" तिने विचारले.

"वाचलंय."

"तेचा खरा आसा."

"मगे?"

"मगे काय? लिवतंय."

"काय लिवतलंस?"

"जा झाला ता."

तिने लिहिले, प्रमाण मराठीत, म्हणजे कारवारपासून रत्नागिरीपर्यंत कोणालाही कळेल असे. ती नोंद अजून त्या पानावर आहे.

"चूक माझी आहे. वाळूवरची त्रेचाळीस माणसे म्हणजे सगळे, असे मी समजले. आरोंद्याला, देवगडला, वेंगुर्ल्याला आमची हाक ऐकू गेली नाही आणि ती ऐकू जाईल अशी सोय मी केली नाही. काढलेला बदल मी परत ठेवत आहे. माझी हरकत मात्र कायम आहे, कारण माझे चार प्रश्न कायम आहेत. त्या दिवशी रापणीवर कोण काय म्हणाले, ते खाली जसेच्या तसे देत आहे."

आणि खाली खरेच सगळे होते. कोण हजर, कोण गैरहजर, तिने काय समजावले, काय समजावायचे राहिले. लाटांच्या अंदाजाबद्दल आपण लोकांना एक अक्षर सांगितले नाही, हेही होते. भिकाजीचा वास आणि म्हाताऱ्याचे पापलेटसुद्धा.

शेवटी एक ओळ: "आता तुमच्या बैठकीचे लिहा."

भिकाजीला कोणीतरी ते वाचून दाखवले. तो तणतणत आला. "गो फेबी, माझा ता वास-बीस कित्याक घातलंस? रत्नागिरीचे लोक काय म्हणतले?"

"तू बोल्लंस, काका."

"बोल्लंय, पण ता आपल्यात."

"आता आपल्यात कोण कोण, ता बघूक होया," फेबी म्हणाली.

तिला वाटले होते, आपण आपले लिहिले म्हणजे तेही लिहितील. पुण्याहून काही आले नाही. ॲरोनने मात्र दुसऱ्या दिवशी लिहिले, "आता बरा." आणि त्याखाली, "सर्वेशभाऊ, तुमचापण येवंदे."

मुदतीचा शनिवार उजाडला. रापणीचा दोर अर्धा वर आला होता, तेव्हा फेबीचा फोन कमरेशी थरथरला. तिने दोर सोडला नाही. जाळे वाळूवर आल्यावर हात पुसून पाहिले. खुल्या पानावर सूचना होती: "प्रशासकीय कारणास्तव फेबी लुद्रिक यांचे मंजुरीचे अधिकार काढून घेण्यात येत आहेत. त्यांच्या योगदानाबद्दल आभार." नव्या आवृत्तीवरची हरकत त्याबरोबर आपोआप मिटली होती. तिच्या नावापुढे आता नुसते 'सहभागी' असे लिहिले होते. कोड पाठवणाऱ्या कोणाही माणसाच्या नावापुढे असते तसे.

पास्कल काठी टेकत किनाऱ्यापर्यंत आला होता. त्याने तिच्या चेहऱ्यावरून ओळखले.

"गेला मा?"

"गेला."

"आता तरी गप रव."

"अधिकार गेलो, पप्पा. तोंड खंय गेला?"

तिने त्याच पानावर, सूचनेच्या बरोबर खाली, सामान्य सहभागी म्हणून पाचवा प्रश्न लिहिला. "प्रशासकीय कारण म्हणजे कोणते?"

गुरुप्रसाद तिच्यापासून दहा हातांवर उभा होता. आदल्या दिवशी सर्वेशने त्याला विचारले होते, "तुझी संमती धरू ना?" आणि तो गप्प राहिला होता. गप्प राहणे म्हणजे संमती, हे तिकडचे गणित. इकडे त्याच वाळूवर गप्प राहणाऱ्यालाही बोलायच्या तीन संधी असत, आणि त्याला तर फोनवर पुरे एक मिनिट मिळाले होते.

तो घरी गेला, जेवला नाही, लॅपटॉप उघडला. दुपारभर लिहीत होता. त्याने तो मंगळवार लिहिला: कॉल किती वाजता, किती मिनिटे, कोण होते. लाटांच्या माहितीचे कारण लिहिले, ते चांगले होते असेही लिहिले. मग एका वाक्यापाशी त्याचा हात थांबला. ते त्याने तीनदा लिहिले, तीनदा पुसले. चौथ्यांदा राहू दिले: "फेबी सकाळी आठला रापणीवर असते, हे माहीत होते म्हणूनच वेळ आठची ठेवली. हे ऐकून मी हसलो होतो." तिचे अधिकार काढताना आपल्याला विचारले गेले आणि आपण काही बोललो नाही, हेही लिहिले आणि सगळे खुल्या पानावर टाकले.

दहा मिनिटांत सर्वेशचा फोन. "गुरु, ते काढ. आत्ता काढ."

"का?"

"का म्हणजे? ते खाजगी बोलणं होतं!"

"खाजगी बोलणं असतं तर ते आपल्या तिघांपुरतं राहिलं असतं," गुरुप्रसाद म्हणाला. "ते आठ हजार फोनांवर जाणार होतं."

सर्वेशने फोन ठेवला. पुढे चार महिने दोघे बोलले नाहीत. बारा वर्षांची मैत्री होती; गुरुप्रसादला ते लागले, अजून लागते.

पान मात्र जागे झाले, आणि त्या गलबल्यात नवी आवृत्ती अडून राहिली. जे कधी लिहीत नसत ते लिहू लागले. देवगडच्या एकाने लिहिले, कुणकेश्वरच्या एका शिक्षिकेने वडिलांच्या वतीने लिहिले, कारवारच्या एकाने कन्नडमध्ये लिहिले आणि त्याचे मराठी तन्वीने करून टाकले. तन्वीने स्वतःही लिहिले, की त्या कॉलवर फेबीचे नाव आपण काढले होते आणि पुढच्या क्षणी सोडून दिले होते. वाद झाले. ॲरोन आणि भिकाजी यांचे तर तीन दिवस जुंपले. भिकाजी बोलायचा आणि फेबी टाइप करायची, शिव्या गाळून. "माझ्या शिव्या खंय गेल्यो?" असे तो दर वेळी विचारायचा. "त्यो मातर गुपित," ती म्हणायची.

जानेवारीत ठरले ते असे. जागेची नोंद आपोआप जाणार नाही. ॲप उघडताच पहिल्याच पानावर विचारले जाईल, हो किंवा नाही. लाटांच्या संस्थेने तेवढ्यावर माहिती द्यायला होकार दिला, कारण आरोंदा आणि वेंगुर्ल्याकडचे बरेच लोक आपणहून हो म्हणाले. वाडीतल्या त्रेचाळिसांपैकी दोघे हो म्हणाले; कोण ते त्यांनी सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. आणि नियम झाला, की कोणताही मोठा बदल कारणासकट खुल्या पानावर चौदा दिवस राहिल्याशिवाय ठरला असे धरायचे नाही. मग तो कॉलवर ठरो, की वाळूवर.

सर्वेशने तो नियम मान्य केला. फेब्रुवारीत त्याने फेबीला एक खाजगी निरोप पाठवला. "सोमवारी तुझे अधिकार परत देतो. झाले गेले विसरू."

तिने तो निरोप गुरुप्रसादला दाखवला. तेरेझा म्हणाली, "घे गो, घे. देवान तोंड उघडल्यान तेचा." पास्कलही म्हणाला, घे. गुरुप्रसादला वाटले, एवढे झाल्यावर घ्यायला काय हरकत आहे, आणि त्याने ते बोलूनही दाखवले.

फेबीने खुल्या पानावर लिहिले, "मला अधिकार परत देण्याचा प्रस्ताव खाजगीत आला आहे. सर्वेशदादांचे आभार. ते काढले तेव्हा सर्वांसमोर काढले, कारण न लिहिता. आधी ते कारण लिहावे. मग परत द्यायचे की नाही, हे चौदा दिवस सर्वांनी ठरवावे. तोवर मला ते नकोत."

"ह्या काय आता?" गुरुप्रसाद वैतागून म्हणाला. "नियम तुझ्याचसाठी झालो."

"माझ्यासाठी झालो असतो तर मी घेतलंय असतंय," ती म्हणाली.

त्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर सर्वेशने अजून लिहिलेले नाही. दर तीन महिन्यांनी फेबी त्याखाली एक ओळ टाकते: "उत्तर बाकी आहे." काही जणांना हा अतिरेक वाटतो, तन्वीने तसे एकदा लिहिलेही. फेबीने तिला उत्तर दिले, की असेलही, पण प्रश्न तसाच आहे. दरम्यान तिने 'सुकती'ला साठाहून जास्त दुरुस्त्या पाठवल्या. प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या कोणीतरी तपासून मंजूर करावी लागते. बहुतेक वेळा ते काम गुरुप्रसाद करतो, आणि ती त्याच्याकडून प्रत्येकीचे कारण लिहून घेते.

या जूनपासून फेबीला कणकवलीच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी लागली आहे. ती रोज सकाळी सातची एसटी पकडते आणि संध्याकाळी साडेसहाला घरी येते. सकाळी आठला ती आता दोरावर नसते; 'उत्तर बाकी आहे' ही ओळ मात्र एकदाही चुकलेली नाही.